कारणाचा रकाना

ब्रेकडाउन रजिस्टरात सहा रकाने.
तारीख, पाळी, मशीन, थांबल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ.
सहावा कारणाचा. तो सगळ्यात अरुंद,
आखणाऱ्यानं उरलेल्या जागेत कसाबसा कोंबलेला.

दोन चाळीसला तीन नंबरचा पल्व्हरायझर थांबला.
थांबला म्हणजे मीच थांबवला.
ऑपरेटर म्हणाला, चालतोय की मॅडम चांगला,
सकाळी आठला गाडी भरायचीय, दहा टन पावडर.
त्याला काय सांगणार?
आवाज बाराला होता तसा दोनला नव्हता,
एवढंच.

आवाज मला दस्तगीरचाचांनी शिकवला.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर,
मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले.
"कानानं नको पोरी, हाडानं ऐक."
चाचा मिरजेचे. त्यांच्या घरात अजून तंबोरे होतात.
धाकटा भाऊ घोडीवर कानस फिरवत बसतो,
तारेखाली सुताचा धागा जरा पुढं, जरा मागं,
तार भुणभुणेपर्यंत.
"आन् मी हितं कुपवाडात
तीच भुणभुण बंद करायचा पगार घेतो."
शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा डावा कान गेला.
कुणाला बोलले नाहीत. मला कळलं,
कारण प्रत्येक मशीनला ते
वळसा घालून पलीकडनं जायला लागले.

मेन स्विच पाडला. टाळं लावलं. चावी खिशात.
बिरू पुलर घेऊन आला,
अख्ख्या प्लँटला एकच पुलर, तोही एका पायानं अधू.
कव्हर उघडलं तर आत हळद.
ग्रीसमध्ये कालवलेली, घट्ट, ऊन ऊन,
मांडवात वाटी भरून ठेवावी तशी.

माझी नखं बारा महिने पिवळी असतात.
माधवनगरच्या बसमध्ये बायका विचारतात,
लगीन ठरलं व्हय गं?
नाही म्हटलं की त्यांनाच वाईट वाटतं,
म्हणून हल्ली मी हो म्हणते.
एकीनं तर परवा तिकिटाचे पैसे दिले.

रॉकेलमध्ये धुऊन बेअरिंग टॉर्चखाली धरलं.
आठ गोळ्यांतल्या एका गोळीवर
तांदळाच्या कणीएवढा खड्डा.
तोच बोलत होता दोन तास,
चाळीस हॉर्सपॉवरच्या गोंगाटातनं.
बिरूला दाखवला. तो म्हणाला, एवढ्यासाठी?
आणि मग जरा वेळानं स्वतःच म्हणाला,
आमच्या म्हशीला पण असाच काटा लागलेला.

नवं बेअरिंग तेलात तापवलं,
हातमोजे चढवले, एका दमात शाफ्टवर सरकवलं.
मध्ये थांबलं की तिथंच आवळून बसतं.
हे आयटीआयच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे,
पण हातात उतरायला दोन बेअरिंगं वाया गेली,
आणि त्यांतलं दुसरं चाचांनी
स्वतःच्या नावावर लिहून घेतलं.

पाच दहाला सुरू.
ऑपरेटरनं आवाजाबद्दल काही विचारलं नाही.
चहा आला का, ते विचारलं.

आता रजिस्टर.
कारण: सील गळकं, पावडर आत गेली.
खरं आहे. पण सील मी बारा फेब्रुवारीला मागितलं होतं,
स्टोअरमधनं इंडेंट परत आला, पुढच्या महिन्यात बघू.
तेही लिहिलं. अक्षर बारीक करत करत
तारीख पानाच्या शिवणीत गेली,
वाचायची तर वही मोडून उघडावी लागेल.
सही केली. अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला, तो राहू दिला.

जुनं बेअरिंग भंगारात जमा करायचं असतं, वजनावर.
डब्याच्या पिशवीत टाकलं.
रविवारी मिरजेला जाईन.
चाचा ते उजव्या कानाशी धरून बोटानं फिरवतील,
पुन्हा फिरवतील, मग भावाला हाक मारतील, ऐक रे.
आणि तो कानस न थांबवता, मान वर न करता
पट्टी सांगेल.